लाँग रायफल : हाताने घडवलेली नळी

काळ व प्रदेश : 18वे शतक, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, मुख्यतः लँकेस्टर परिसर. कारागीर बहुतांशी जर्मन व स्विस स्थलांतरित. पुढे ‘केंटकी रायफल’ या नावानेही प्रसिद्ध.

नळी : सर्वांत कष्टाचे काम. लोखंडाची लांब पट्टी भट्टीत तापवून गजाभोवती वळवली जाई. कडा थोड्या थोड्या अंतराने, लोखंड पांढरे होईपर्यंत तापवून, ठोकून सांधत. मग आतले भोक एकसारखे केले जाई आणि बाहेरून कानशीने आठ पैलू पाडले जात. लांबी सहसा 40 इंचांहून अधिक.

आटे : नळीच्या आत कोरलेले सर्पिल चर. चर कोरणारे पाते दर खेपेला अगदी बारीक कीस काढी. चरांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते, नेम लांबवर टिकतो. याउलट मस्केट या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. त्यामुळे ती लवकर भरता येई.

दस्ता : लहरदार रेषांचे मेपल लाकूड.