भिंतीतला घसारा

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. खर्चाचा कागद समोर आला की हात आपसूक ‘पुढच्या वर्षी पाहू’ असा शेरा मारतो. निवृत्तीनंतर मी घाटकोपर पूर्वेच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार झालो आणि ही खोडही माझ्याबरोबर तिथे आली. सलग चार वर्षे सर्वसाधारण सभेत नळ बदलण्याचा विषय निघाला आणि चारही वेळा मी तो पुढे ढकलला. मुदतठेव मोडायची नाही, हा माझा बाणा. सभासदांनाही तो आवडे, कारण वर्गणी वाढत नसे. त्याच चार वर्षांत इमारतीला रंग लागला, प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट बसले. रंग दिसतो, ग्रॅनाइट दिसते. नळ बिचारा भिंतीत असतो.

गेल्या वर्षी न्यू जर्सीहून मुलीचा फोन आला. सुट्टीत ती दोन वर्षांच्या मुलाला घेऊन येणार होती. बोलता बोलता तिने विचारले, ‘‘बाबा, आपल्या बिल्डिंगचे नळ कधी बदललेत?’’

मी अभिमानाने म्हणालो, ‘‘बदलायचे कशाला? बांधकामापासूनचे आहेत. पक्के काम आहे ते.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग तिने तिच्या घराजवळच्या नेवार्क शहराची हकिगत सांगितली. तिथे जुन्या घरांना जमिनीखालून येणारे नळ शिशाचे होते. पाण्यात शिसे उतरते आहे असे आढळल्यावर २०१९ ते २०२२ या काळात शहराने असे सुमारे तेवीस हजार नळ उपटून तांब्याचे घातले. घरमालकांकडून पैसा घेतला नाही. मालक सापडत नसेल तर त्याच्या संमतीवाचून नळ बदलता यावा, असा नियमही केला. कारण पाणी पिणारा भाडेकरू असतो आणि त्याचे मूल असते.

‘प्लंबर’ हा शब्द आपण रोज वापरतो. तो लॅटिनमधल्या ‘प्लंबम’वरून, म्हणजे शिशावरून आला. शिसे मऊ, हवे तसे वाकते, म्हणून रोमन लोकांपासून त्याचे नळ होत आले. पण ते थोडे थोडे पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते. जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांच्या फिल्टरचाही त्यावर इलाज चालत नाही. लहान मुलांचे शरीर ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेते आणि घाव मेंदूच्या वाढीवर पडतो. म्हणून आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम हीच शिशाची मर्यादा आहे.

‘‘आपल्याकडे कुठे शिशाचे नळ?’’ असे मी म्हणालो खरा, पण चैन पडेना. आपल्या इमारतींत बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ. त्या जस्तात पूर्वी थोडे शिसे असे. पितळेच्या तोट्यांत असे. बिडाच्या जुन्या नळांचे सांधे तर ताग ठासून, वर शिसे ओतूनच बंद करीत. प्लास्टिकचे पीव्हीसी नळ घडवतानाही शिशाची संयुगे वापरत. ती काढून टाकण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले.

शेवटी मी प्लंबरला बोलावले. त्याने जिन्याखालचा हातभर नळ कापून माझ्यापुढे धरला. आत गंजाचे थर बसून करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती. खालच्या अंगाला दोन भोके. आणि हा नळ आमच्या गटाराला खेटून जात होता.

मुंबईच्या पाण्याचा इतिहास दांडगा आहे. विहार तलाव १८६० सालचा, तानसा १८९२ सालचा. तानसाच्या मोठ्या जलवाहिन्या आमच्या घाटकोपर-विद्याविहारच्या बाजूनेच शहरात जातात. कित्येक मैलांवरून आणलेले, भांडुपला शुद्ध केलेले पाणी आपल्या दारी येते आणि शेवटच्या शे-दोनशे फुटांत आपण ते नासवतो. पाणी ठरावीक वेळीच येते. ते गेले की नळातला दाब उतरतो आणि भोकांतून गटाराची घाण आत ओढली जाते.

प्रयोगशाळेच्या अहवालात जंतू निघाले. शिसे, रात्रभर नळात साचलेल्या पाण्यात मर्यादेच्या किंचित वर; नळ काही वेळ वाहू दिल्यावर मर्यादेच्या आत.

सभेत मी कापलेला नळ टेबलावर ठेवला. तळमजल्यावरच्या गुजराती बेन पुढच्याच रांगेत होत्या. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या मुलाला कावीळ झाली, सहामाही परीक्षा बुडाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्टेशनबाहेरच्या पाणीपुरीवर खापर फोडले होते. कावीळ कशाने झाली हे आता कोण सांगणार? बेनने नळाच्या भोकात बोट घालून पाहिले आणि एवढेच विचारले, ‘‘काका, रंगाला पैसे होते ना?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. यंत्र जुने झाले की दरवर्षी घसारा धरायचा, हे मी आयुष्यभर कर्जदारांना बजावले. भिंतीतल्या नळाचा घसारा मात्र माझ्या ताळेबंदात कधी आलाच नाही. तो मुलांच्या अंगावर पडत होता.

मुदतठेव मोडली. दोन महिन्यांत सगळे नळ बदलले, गटारापासून लांबून नेले. नळ घेताना आयएसआयचा शिक्का आणि शिसेविरहित असल्याचा निर्वाळा पाहूनच घेतला.

ज्यांचे नळ जुने आहेत, त्यांनी तोवर एवढे तरी करावे. सकाळी पहिले बादलीभर पाणी फरशीला, झाडांना वापरावे. पिण्याचे त्यानंतर भरावे. स्वयंपाकाला गीझरचे पाणी घेऊ नये, गरम पाण्यात शिसे जास्त उतरते. आणि पाणी एकदा तपासून घ्यावे.

आज रविवार, सोसायटीचे सेक्रेटरी घरीच असतील. चहाच्या निमित्ताने त्यांना एक प्रश्न विचारा : आपले नळ कधी बदलले? ‘पक्के काम आहे’ असे उत्तर आले, तर जिन्याखालचा हातभर नळ कापून बघायला सांगा.