तीन लॉऱ्यांचा शेट

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे महालात, कोरगाव नावाचे एक गाव आहे. माळावर काजू, खाली भाताची शेते, मध्ये माडांची दाटी आणि गावाचा राखणदार श्रीकमळेश्वर. माझी भाची ह्या गावात दिली आहे. त्यामुळे आम्ही कोल्हापूरकर वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जातो आणि सारा वाडा मला ‘मामा’ म्हणतो. गेल्या खेपेस परतताना माझ्याच आळसाने सकाळची गाडी चुकली. तेव्हा भाचीचा शेजारी म्हणाला, “मामा, मी नारळ घेऊन रात्री कोल्हापुरास निघतो आहे. चालत असेल तर चला माझ्या लॉरीतून.” वयाच्या सत्तरीत लॉरीचा प्रवास! पण मोह आवरला नाही. त्या एका रात्रीत जे ऐकले, ते आमच्या घरांतून कोणी फारसे ऐकलेले नसेल, म्हणून लिहितो.

हा शेजारी चाळिशीचा, अंगाने काटक. गावातल्याच एका शेटकडे तेरा वर्षे चालक आहे. शेट म्हणजे कोणी गडगंज धनी नव्हे. त्याच्या तीन लॉऱ्या. एक तो स्वतः चालवतो, दोहोंवर दोन चालक आणि सर्वांत मिळून एक क्लीनर पोरगा. कचेरी म्हणजे शेटच्या घराची ओटी आणि खतावणी म्हणजे शेटचे डोके. निघाल्यावर थोड्याच वेळात त्याने मनातले बोलून दाखवले. वेर्ण्याच्या एका मोठ्या कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. ठरलेला पगार, गणवेश, भविष्यनिर्वाह निधी. शनिवारपर्यंत होय की नाही ते कळवायचे होते. “मामा, तुम्ही शिकलेले. काय करू?” तो पेडण्याच्या बोलीत बोलत होता, ते मी माझ्या मराठीत देतो आहे.

लॉरी तो शिकला डिचोलीच्या खाणींवर. २००८ च्या सुमारास चीनकडे लोहखनिज धडाक्याने जात होते. खाणीवरून धक्क्यापर्यंत माती न्यायची, तेथून ती बार्जेसमधून मुरगावला. पैसे फेरीवर; म्हणून जो तो दुसऱ्याच्या पुढे जाण्यासाठी जिवावर उदार होऊन पळे. घरे, झाडे, माणसे, सारे तांबड्या धुळीने माखलेले. कर्ज काढून घरटी एक लॉरी दारात उभी राहिली. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि ह्या लॉऱ्या जागच्या जागी गंजू लागल्या. त्याचा तेव्हाचा मालक एकाच लॉरीचा धनी होता. बँकेचे हप्ते थकले, लॉरी गेली, त्याबरोबर ह्याची नोकरी गेली. मधल्या काळात खाणी थोड्याफार चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. पण तोवर हा कोरगावी परतून ह्या शेटकडे रुजला होता. “त्या मालकानेही मला कधी वाईट वागवले नाही,” तो म्हणाला. “पण तोच बुडाला, तेव्हा मला कोण तारणार?”

पेडणे, मालपे करीत आम्ही पत्रादेवीला आलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या ते हेच ठिकाण. स्मारकापाशी माझे हात आपोआप जोडले गेले. पेडणे महालाचे आणि आम्हां करवीरकरांचे नाते तसे जुनेच आहे. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांनी पोर्तुगीजांचे साहाय्य घेतले आणि त्यापायी १७८८ साली हा मुलूख त्यांच्या हाती गेला. आता तो झगडा राहिला नाही. इकडून नारळ जातात आणि तिकडून गूळ व भाजी येते. येथे पूर्वी विक्रीकराच्या नाक्यावर लॉऱ्यांची रांग लागे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि ते नाके उठले. “तेव्हा रांगेत निदान झोप तरी मिळे,” तो हसून म्हणाला.

बांद्याला चहा झाला आणि मी त्याला म्हटले, “आधी शेटचे गुण सांग, मग दोष.” गुण सांगताना त्याला आठवावे लागले नाही. आई आजारी पडली तेव्हा अर्ध्या रात्री शेटने आपली गाडी काढून तिला म्हापशाला नेले आणि पैसे भरले. ते परत कधी मागितले नाहीत. चतुर्थीला पाच दिवस लॉरी बाहेर काढायची नाही, हा शेटचा नेम. मुलाच्या शाळेचा कार्यक्रम असला तर त्या दिवशीची खेप शेट स्वतः मारतो. तेरा वर्षे एकच लॉरी हातात असल्यामुळे तिचा आवाज जरा बदलला की ह्याला कळते. घाटात काही मोडले, तर कोणा साहेबाची परवानगी लागत नाही, शेटला फोन केला की तो म्हणतो, “तुला योग्य वाटेल ते कर.” ह्या शेवटच्या वाक्यापाशी त्याचा आवाज भरून आला. विश्वासाने मिळालेले स्वातंत्र्य हे केवढे वेतन असते, हे मी चाळीस वर्षे शाळेत काढूनही त्या रात्री नव्याने समजलो.

सावंतवाडी मागे पडली आणि आंबोलीचा घाट लागला. मग दोषांची पाळी आली. दोष त्याने शेटचे सांगितले नाहीत, धंद्याचे सांगितले. लहान मालकाला माल थेट मिळत नाही, दलालाकडून मिळतो. दलाल आपली दलाली कापून घेतो आणि भाडे महिना-दीड महिन्याने देतो. डिझेल मात्र रोख. बँकेचा हप्ता ठरल्या तारखेला. विमा, परवाना, टायर ह्यांपैकी कोणीच थांबत नाही. परतीचे भाडे मिळाले नाही, तर रिकाम्या लॉरीचे डिझेल शेटच्याच पदरचे. मग थांबू शकतो असा एकच प्राणी उरतो, तो म्हणजे चालक. दोन महिन्यांचा पगार अजून यायचा होता. खेपेचा भत्ता तेवढा हातात पडत होता. मागचे दोन टायर गुळगुळीत झाले होते. “शेटला ठाऊक आहे. दिवाळीनंतर बदलू म्हणाला.”

हे ऐकताच माझे लक्ष दरीकडे गेले. तो मात्र शांत होता. म्हणाला, “मामा, आता आपण चढतो आहोत, भीती उतरताना. ज्या गियरमध्ये चढायचे त्याच गियरमध्ये उतरायचे. डिझेल वाचवायला गाडी मोकळी सोडली आणि ब्रेकवर ब्रेक दाबले, की ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत.” मी विचारले, “डिझेल वाचवायला शेट सांगतो का?” तो म्हणाला, “नाही. पण त्याचा हप्ता थकला आहे हे मला माहीत असते ना.” मालकाची विवंचना नोकराच्या पायात, तीही ब्रेकवरच्या पायात, अशी उतरते.

घरी आल्यावर मी कायदे चाळले. १९६१ साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. दिवसाचे काम ८ तास, आठवड्याचे ४८, सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुटी. चांगला कायदा! परंतु तो लागू होता ५ किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक-संस्थेला. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत तो सामावून घेण्यात आला. भविष्यनिर्वाह निधीची सक्ती तर २० माणसांपासून पुढे. आमच्या शेटकडे माणसे तीन! म्हणजे कायद्याची सावली जेथे सुरू होते, त्याच्या अलीकडेच हा मनुष्य उन्हात उभा. शेट कायदा मोडत नाही. कायदा त्याच्या ओटीवर चढलाच नाही. तेथे जे काही आहे ते शेटच्या स्वभावावर. स्वभाव चांगला आहे, हे चालकाचे दैव. पण दैवाची पावती मिळत नाही आणि म्हातारपणी ते कोठे दाखवता येत नाही.

तरी मोठ्या कंपनीकडेही सारे गोडच आहे असे नाही, हे त्यालाही कळत होते. तेथे लॉरी रोज वेगळी. गाडी कोठे थांबली, किती वेळ थांबली, हे कचेरीत पडद्यावर दिसते. उशीर झाला की आधी खुलासा, मग चहा. पण टायर वेळेवर बदलतात आणि पगार तारखेला होतो. त्या कंपनीच्या काही लॉऱ्या कोकण रेल्वेच्या वाघिणींवर चढून कोलाड ते वेर्णा जातात. १९९९ पासून ही सोय आहे. तेवढा प्रवास चालकाला विसावा. शिवाय आता नव्याने बनणाऱ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. नव्या गाड्या आधी मोठ्यांकडेच येणार. “पण मामा,” तो म्हणाला, “तेथे माझ्या आईला रात्री म्हापशाला कोण नेईल?” ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आजरा, गडहिंग्लज करीत पहाटे कोल्हापूर आले. उतरताना मी एवढेच म्हटले, “बाबा रे, शेटपासून लपवू नकोस. जे मला सांगितलेस ते त्याला सांग.” उपदेश करणे सोपे असते. तेरा वर्षांचे मीठ खाल्लेल्या माणसाला ते किती अवघड गेले असेल, ते तोच जाणे.

पुढची हकीकत भाचीने कळवली. शनिवारी तो शेटच्या ओटीवर गेला आणि तासभर नुसताच बसून राहिला. शेवटी शेटनेच विषय काढला. गावात बातमी आधीच पोचली होती. शेट म्हणाला, “जा. मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो.” थकलेला पगार शेटने दोन हप्त्यांत चुकता केला. मागचे टायर मात्र दिवाळीची वाट न पाहता बदलले, कारण ती लॉरी आता शेट स्वतः चालवतो. हे वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. दिवाळीपर्यंत थांबू शकणारा माणूस त्या लॉरीवर राहिला नव्हता.

गावच्या जत्रेला कंपनीने त्याला रजा दिली नाही. त्या रात्री तो कोठे तरी महामार्गावर होता. दशावतारी नाटक संपल्यावर पहाटे शेट देवाचा प्रसाद घेऊन त्याच्या घरी गेला आणि आईच्या हाती देऊन म्हणाला, “आला की द्या.” भाची लिहिते, महिनाअखेरीस तो आला तेव्हा आधी शेटकडे गेला, मग घरी.