छायाचित्राचें वजन घटवितांना अक्षर शाबूत राखावें

गतवर्षीं सावंगी (मेघे) येथें आमच्यावर जो प्रसंग गुदरला, तो शेतकरीबंधूंस कळविणें आम्हांस अगत्याचें वाटतें. तुषार संचाच्या अर्जास बँकेच्या पासबुकाचें छायाचित्र जोडावयाचें होतें. मर्यादा २०० केबीची, आणि मोबाईलनें काढलेलें चित्र चार एमबीचें, म्हणजे सुमारें वीसपट. मुदतीचा शेवटचा दिवस. आम्हीं घाईनें चित्र लहान केलें. तरी तें बसेना, म्हणून लहान केलेलेंच पुनः दोन वेळां लहान केलें. कांहीं दिवसांनीं अर्ज परत आला. खाते क्रमांकांतील ३ चा ८ दिसत होता. नकलेवरून नक्कल काढूं नये, अव्वल कागदावरूनच काढावी, हा धडा महसूल खात्यांत नवख्या कारकुनांस आम्हींच देत असूं. तो स्वतः विसरलों.

चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांचा समूह होय. ४००० ठिपके लांब व ३००० रुंद अशा चित्रांत ते एक कोटी वीस लक्ष असतात. लांबी व रुंदी दोन्ही निम्मीं केलीं, तर ठिपके चौथाईवर येतात. यास्तव प्रथम कागदाभोवतीं आलेली बाज, सतरंजी कापून टाकावी, व मग मापें घटवावीं. बहुतेक वजन येथेंच उतरतें.

दुसरा उपाय गुणवत्तेचा. १९९२ सालीं ठरलेल्या जेपेग पद्धतींत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येकांतील अतिसूक्ष्म फरक गाळतात. हिच्या मुळाशीं असलेलें गणित बेंगळुरूस जन्मलेले नासिर अहमद यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. मनुष्याचा डोळा उजेड-अंधाराचा फरक चटकन टिपतो, रंगछटेचा तितका नाहीं. म्हणून छटांचा तपशील अधिक गाळला तरी उणीव भासत नाहीं. धान्य उफणतांना वारा बेताचा असला तर भूसच उडतें, जोराचा असला तर दाणाही जातो. तसेंच हें आहे. गुणवत्ता शंभरांपैकीं ७५ ते ८० ठेवल्यास सहसा फरक दिसत नाहीं. फार खालीं उतरल्यास अक्षरांच्या कडा फुटतात, आणि गळालेलें परत येत नाहीं.

पुढें आम्हीं मूळ चित्रावरून कडा कापल्या, रुंदी १२०० ठिपके केली, गुणवत्ता ७५ ठेवून एकदांच जतन केलें. फाईल १६० केबीची झाली, व आंकडे स्वच्छ राहिले. पाठविण्यापूर्वीं चित्र मोठें करून प्रत्येक आंकडा मूळ कागदाशीं ताडून पाहावा.

पीकनुकसानीच्या चित्रांस आणखी एक पथ्य आहे. मोबाईलांत तशी सोय चालू असेल, तर चित्राच्या पोटांत स्थळ व वेळ यांची नोंद असते. आकार घटवितांना किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडतांना ती पुसली जाऊं शकते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आंत द्यावी लागते. तेवढ्यांत दुसरें चित्र काढावयास शेत तसेंच राहील, याचा भरंवसा नाहीं. म्हणून मूळ चित्र कधींही पुसूं नये.

आमचें दुसरें चित्र उत्तम निघालें. पण तोंवर मुदत टळली होती, आणि त्या रब्बींत आमच्या हरभऱ्यास तुषार संच लाभला नाहीं.