हिरवी खूण आली, पण तपासलं का?



सुट्टीत मी रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते. तेव्हा माझ्याकडून एक चूक झाली. आपली मुलं कोडिंग शिकत असतील तर ती आपल्यालाही माहीत हवी.

रस्टची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली आली आणि २०१९ मध्ये तिच्यात असिंक-अवेटची सोय झाली. असिंक म्हणजे काय? आपण कुकर लावतो आणि शिट्टी होईपर्यंत कणीक मळतो, तसंच. एका कामाची वाट बघताना प्रोग्राम दुसरं काम करत राहतो.

कोड बरोबर चालतो का, हे पाहायला आपण आणखी एक छोटा कोड लिहितो. तीच चाचणी. उत्तर जुळलं की स्क्रीनवर हिरवं 'ओके' येतं. माझंही आलं. मग गंमत म्हणून मी अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकीचं लिहिलं. तरीही ओके! म्हणजे माझी चाचणी काहीच तपासत नव्हती.

असं का झालं? तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१) अवेट विसरू नका.
असिंक फंक्शनला नुसती हाक मारली तर काम सुरू होत नाही, फक्त 'फ्युचर' हाती येतं. कुकर ओट्यावर ठेवला, पण गॅस पेटवलाच नाही! माझी तपासणी त्या फंक्शनच्या आत होती, ती चाललीच नाही. कंपायलरने इशारा दिला होता, मीच तो वाचला नाही. रस्टची साधी चाचणी असिंक फंक्शनवर लावता येत नाही. त्यासाठी टोकियो या लायब्ररीची 'टोकियो टेस्ट' ही खूण वापरायची आणि आत अवेट लिहायचं.

२) सोपवलेल्या कामाचा निकाल घ्या.
टोकियोत 'स्पॉन' करून एखादं काम वेगळं सोपवता येतं. ते काम मध्येच कोसळलं तरी चाचणी हिरवीच राहू शकते, कारण चूक त्या कामाच्या 'हँडल'मध्ये अडकून राहते. चाचणी आधी संपली तर काम अर्धवटही सुटतं. म्हणून हँडलवर अवेट लावून निकाल उघडून बघायचा.

३) अंदाजाने थांबू नका.
"दोन सेकंदांत होईल" असं धरून लिहिलेली चाचणी एका संगणकावर पास होते, तर कामाचा ताण असलेल्या दुसऱ्या संगणकावर नापास. त्याऐवजी टोकियोचं घड्याळ चाचणीपुरतं थांबवता येतं. सगळी कामं फक्त वेळेची वाट बघत असली, की ते घड्याळ आपोआप पुढच्या ठरलेल्या वेळेवर उडी मारतं. तीस सेकंदांची वाट क्षणात तपासून होते. मात्र ही सोय टोकियोच्या स्वतःच्या घड्याळापुरतीच आहे.

वह्यांचा गठ्ठा न वाचता सही केली, तर मुलाची चूक तशीच पुढच्या वर्गात जाते. वर "बाईंनी तपासलंय" असा विश्वासही बसतो. न तपासलेल्यापेक्षा हे जास्त वाईट, नाही का?

पालकहो, कोडिंग येत नसलं तरी मुलाला एक प्रश्न नक्की विचारा : "ही चाचणी तू एकदा तरी लाल झालेली पाहिलीस का?" उत्तर 'नाही' आलं, तर मुद्दाम चूक करून बघायला सांगा. लाल होऊ शकते, त्याच चाचणीच्या हिरव्या खुणेला अर्थ असतो.