काचेचा आडोसा

माझी पुतणी डॉक्टर आहे. बायकांची डॉक्टर. नांदेडला आठ वर्षं नोकरी केल्यावर तिनं हिंगोलीत स्वतःचा दवाखाना बांधायला काढला आणि दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती आईला घेऊन, हातात एक कोटेशन धरून माझ्याकडे आली. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे नातेवाईक दोनच कामांसाठी येतात. एक जामीन राहायला आणि दुसरं, कुणीतरी दिलेला कागद खरा आहे की खोटा ते विचारायला. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून कुणी आल्याचं मला आठवत नाही.

"काका, हे जरा बघून द्या ना," ती म्हणाली.

कोटेशन काचेचं होतं. म्हणजे काचेला आतून चिकटवायच्या फिल्मचं. विक्रेत्यानं नमुना म्हणून वहीच्या पानाएवढा तुकडा दिला होता, त्याला दोन वायरी आणि एक लहानशी पेटी. तुकडा दुधासारखा पांढरा. पुतणीनं पेटी प्लगमध्ये बसवून बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत त्या दुधातून भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागलं, तारखांसकट. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दूध. वहिनी खुर्चीत पुढे सरकून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, ही तर डोळे मिटायलीय!"

दर चौरस फुटाला हजाराच्या पुढे होता. साधी दुधी फिल्म याच्या कितीतरी कमी पैशात कुठल्याही काचवाल्याकडे मिळते. मी सवयीनं कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूला दहा गुण छापलेले आणि अटी एकही नाही, असा कागद समोर आला की अटी आपणच शोधायच्या, एवढं मी नोकरीत शिकलो आहे. तेव्हा नमुना ठेवून घेतला आणि पंधरा दिवसांची मुदत मागितली.

"हिंगोलीत असलं काही शोभंल का पण, काका?" जाताना तिनं विचारलं. मी म्हटलं, औंढ्याजवळ दुधाळ्याला चार-चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांत प्रकाश फिरवून विश्वातले हेलकावे मोजणारी लायगो प्रयोगशाळा होणार आहे, 2023 मध्ये केंद्रानं तिला मंजुरी दिली. तिच्यापुढे तुझी काच म्हणजे किस झाड की पत्ती. शोभेल की नाही हा प्रश्नच नाही, उपयोगी पडेल का तेवढं बघू.

ज्याला इंग्रजीत प्रायव्हसी म्हणतात, तो मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. आमच्या भागात त्याला फार जुना आणि साधा शब्द आहे, आडोसा. माझ्या लहानपणी सेनगावकडच्या आमच्या गावी न्हाणी म्हणजे तुराट्यांचा कूड असे, शेणामातीनं लिंपलेला, माथा उघडा. आई अंघोळीला गेली की कुडावर लुगडं टाकी. लुगडं दिसलं की पुरुष माणूस परस्परच मागे फिरे. वाड्यांतून चिकाचे पडदे असत. आत अंधार, बाहेर ऊन. आतल्या बायकांना रस्त्यावरचं सगळं दिसे आणि रस्त्यावरच्याला फक्त चीक दिसे. आजकाल खिडक्यांना जी आरशासारखी फिल्म लावतात तिचं तत्त्व तेच. दिवे लागले की ते उलटतं, हे मात्र लावणाऱ्याला सांगत नाहीत. आमच्या कॉलनीत एका घरानं हौसेनं चारी बाजूंनी ती लावली. दिवसा घर कसं चकचकीत. रात्री आठ वाजता ते कुटुंब कोणती मालिका बघतं, ताटात काय आहे, हे फिरायला निघालेल्या आम्हा सगळ्यांना ठाऊक असे. त्यांना कोणी सांगायचं यावर चार महिने गेले.

बटणाच्या काचेचं तसं नाही. तिच्या पोटात आहेत द्रवस्फटिक, म्हणजे आपल्या डिजिटल घड्याळात आणि कॅल्क्युलेटरमध्ये आकडे उमटवणारी मंडळी. 1888 मध्ये प्राग इथे फ्रीड्रिख रायनित्सर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. आधी गढूळ झाला, आणखी तापवल्यावर नितळ. तिथून ही गोष्ट सुरू झाली. तीत आपलाही माणूस आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये चकतीसारख्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवलं. खिडकीच्या उपयोगाची ही फिल्म मात्र 1980 च्या दशकातली, अमेरिकेतली. दोन पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांच्या मध्ये एक थर, त्या थरात द्रवस्फटिकांचे डोळ्यांना न दिसणारे थेंब. वीज नसली की प्रत्येक थेंबातले रेणू आपापल्या दिशेला तोंड करून बसतात, ग्रामसभेसारखे. प्रकाश त्यांच्यात आपटून विखुरतो आणि काच दुधी दिसते. वीज आली की सगळे एका दिशेनं उभे राहतात, प्रकाश सरळ पार होतो.

म्हणजे ही काच आरपार दिसण्यासाठी वीज खाते, झाकण्यासाठी नाही. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. भारनियमनाच्या काळात आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांनी तर ते आधी विचारावं. वीज गेली की आत कुणी उघडं पडत नाही, उलट झाकलं जातं. याच्या उलट चालीचीही फिल्म असते, वीज गेली की नितळ होणारी, म्हणून कोटेशनवर आपली कोणती हे लिहून घ्यावं. विजेचा खर्च किरकोळ आहे. चौरस मीटरला सुमारे पाच वॅट धरले तर चार चौरस मीटर काच रोज दहा तास नितळ ठेवायला महिन्याला सहा युनिट. आणि दुधी असतानाही ती उजेड अडवत नाही, खोली काळोखी होत नाही. पडद्यापेक्षा हा तिचा खरा फायदा, कारण धूळ न धरणारा आणि जंतू न बाळगणारा पडदा दवाखान्याला हवाच असतो.

आता दुसरी बाजू. एका रात्री जेवणं झाल्यावर मी दिवाणखान्यातले दिवे घालवले, नमुन्याच्या मागे टेबललॅम्प लावला आणि बायकोला काच आणि दिवा यांच्यामध्ये हात धरायला सांगितला. हात लांब होता तोवर नुसतं पांढरं. काचेजवळ आणला तशी पाचही बोटं दिसली, बांगड्यासुद्धा. तपासणीचा दिवा रुग्णाच्या मागे आणि रुग्ण काचेला खेटून, असं झालं तर बाहेरच्या बाकावरच्यांना सावल्यांचा खेळ दिसणार. शिवाय ही काच ऐकू येणं थांबवत नाही. दवाखान्यात माणसाची लाज डोळ्यांपेक्षा कानांतून जास्त जाते, त्याला बटण नाही.

बाकीचे दोष कारागिरीचे. फिल्मच्या कडेला पाणी मुरलं की ती तिथून खराब होत जाते, आणि आपल्याकडे काच पुसणं म्हणजे बादली आणि ओलं फडकं. दोन काचांच्या मध्ये फिल्म बसवून कारखान्यातूनच तयार काच घेतली तर हा त्रास कमी, पण ती महाग, आणि एकदा बनली की सुतार किंवा काचवाला तिचा एक सूतही कापू शकत नाही. माप चुकलं की पैसे गेले. फिल्मची रुंदी ठरावीक असते, मोठ्या काचेवर जोड येतो आणि तो दिसतो. नितळ असतानाही तिरकं बघितलं तर किंचित धुकं राहतंच. पश्चिमेच्या खिडकीला तर ती लावूच नये. आमच्या मे महिन्याचं ऊन थेट खाऊन तिचं आयुष्य घटतं, आणि उष्णता अडवण्याचं कामही तिचं नव्हे. विमानात गडद निळी होणारी खिडकी पोराकडे अमेरिकेला जाऊन आलेल्यांनी पाहिली असेल. ती जात वेगळी, ती उजेड कमी करते. ही फक्त नजर अडवते.

थंडीतही तिचे हाल होतात. टोकियोच्या शिबुया भागात शिगेरू बान या नामांकित वास्तुविशारदानं 2020 मध्ये दोन बागांत रंगीत काचेची सार्वजनिक स्वच्छतागृहं बांधली. रिकामी असताना आरपार दिसतात, म्हणजे आत स्वच्छता आहे आणि कुणी लपलेलं नाही हे बाहेरूनच कळावं. आतून कडी लावली की दुधी होतात. विम वेंडर्सच्या 2023 च्या 'परफेक्ट डेज' चित्रपटात ती आहेत. कल्पना देखणी, पण कडाक्याच्या थंडीत काच झाकायला वेळ लावू लागली आणि काही काळ ती कायम दुधीच ठेवावी लागली. मला त्यापेक्षा सिंगापूरची गोष्ट आवडली. तिथल्या बुकित पांजांग भागातली छोटी रेल्वे लोकांच्या घरांना अगदी खेटून जाते. घरं जवळ आली की गाडीच्या खिडक्या आपोआप धुरकट होतात. बघणाऱ्यानंच नजर वळवायची. ती रेल्वे 1999 साली सुरू झाली. त्याच वर्षी 1 मे रोजी आमचा जिल्हा परभणीतून वेगळा झाला, आणि त्याच सुमारास माझ्याकडून एक चूक घडली.

मी तेव्हा वसमतकडच्या एका शाखेत होतो. शाखेचा कायापालट झाला होता. जुनी लाकडी फळ्यांची केबिन जाऊन कमरेपासून वर नितळ काचेची आली होती. कारभार पारदर्शक दिसावा, असा वरून हुकूम. एका दुपारी हळदीचा एक शेतकरी कर्जाचे हप्ते पाडून घ्यायला आला. भाव पडले होते, माणूस प्रामाणिक होता, अर्ज भरून तयार होता. बोलता बोलता एकदम थांबला. बाहेर पासबुकाच्या रांगेत त्याच्या मुलीला बघून गेलेल्या पाहुण्यांपैकी एकजण उभा होता. सोयरिकीचं बोलणं चालू होतं. मग हा माणूस हसायला लागला. मी थकबाकीचा आकडा सांगतोय आणि हा हसतोय, बाहेरून वाटावं की साहेबांशी गप्पा चालल्यात. हसत हसतच हळू आवाजात म्हणाला, "साहेब, काचंतून समदं दिसतंय. कायतरी आड लावा की."

लावायला काही नव्हतं. मी म्हटलं, सही करून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. सही करताना वाकावं लागतं, आणि बँकेत वाकून सही करणारा माणूस कशाला आलाय हे कुणालाही कळतं. तो "येतो मागून" म्हणून उठला. आला नाही. मीही निरोप धाडला नाही, मार्चअखेर होती. मुदत संपली, खातं थकीत यादीत गेलं आणि पुढे वसुलीची नोटीस त्याच्या दारात गेली, ती तर साऱ्या गावानं वाचली. दुसऱ्याच दिवशी मी केबिनच्या काचेवर ठेवयोजनांचे दोन मोठे तक्ते चिकटवले होते. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते काढायला लावले.

पंधरा दिवसांनी मी दवाखान्याचं बांधकाम बघायला गेलो तेव्हा हे पुतणीला सांगितलं. नकाशात तिनं दोन ठिकाणी ही काच धरली होती. एक तपासणीच्या खोलीला, दुसरी तिच्या टेबलासमोरच्या लहान खोलीला, जिथं सलाईन लावलेली किंवा बाळंतपणानंतरची बाई पडून राहील आणि डॉक्टरला बसल्या जागेवरून ती दिसत राहील. दोन्हीची बटणं तिच्या टेबलाखाली.

"तपासणीच्या खोलीला ही काच नको," मी म्हटलं. "तिथं उघडं असण्याची कधी गरजच नाही, मग हजार रुपये फूट कशाला? साधी दुधी काच लाव आणि आत कापडाचा पडदा असू दे. पडदा सरकला की कड्या वाजतात, आतल्या बाईला कळतं. ही काच आवाज न करता डोळे उघडते."

दुसऱ्या खोलीचं तिला पटवावं लागलं नाही. तिथं मात्र या काचेचं सोनं होणार होतं. प्रश्न फक्त बटणाचा होता. मी म्हटलं, बटण आतल्या बाईजवळ दे. ती चिडली. "काका, अन् तिनं बंद करून घेतलं, आत तिला चक्कर आली तर? मला कसं कळायचं?" हे मला सुचलं नव्हतं. बराच वेळ वाद झाला. शेवटी असं ठरलं, की एक बटण आत आणि एक टेबलावर. टेबलावरच्या बटणानं काच उघडायची असेल तर आधी आतली घंटी वाजेल, आणि नर्सनं दार वाजवून आत जाऊन यायचं. वायरमन म्हणाला, होईल, जरा जास्तीची वायर लागेल. मोबाइलवरून चालू-बंद करायची सोय फुकट मिळत होती, ती तिनं स्वतःच खोडली.

"आतलं बटण कुठं काढू?" वायरमननं विचारलं. आम्ही दोघं भिंतीकडे बघून फूट मोजायला लागलो. वहिनी इतका वेळ सिमेंटच्या पोत्यावर बसून होत्या. उठल्या, खोलीत नुकत्याच आणून ठेवलेल्या लोखंडी कॉटवर, प्लास्टिक न काढताच, पाय लांब करून आडव्या झाल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निजल्या निजल्या डावा हात भिंतीकडे लांबवला.

"हितं," त्या म्हणाल्या. "सलाईन उजव्या हाताला असंल नं. हितवर पुरतोय हात."

वायरमननं त्यांच्या बोटाजवळ पेन्सिलीनं फुली मारली.