पाकशास्त्र आणि वाङ्मयाचें पारितोषिक

कन्हानच्या आमच्या घरीं आजेसासूबाईंच्या हातची एक जुनी वही आहे. पानें पिवळीं पडलीं आहेत. गोळाभाताच्या पानावर तर तेलाचा मोठा डाग आहे. कृति एवढीच, कीं डाळीचा भरडा घ्यावा, तिखटमीठ अंदाजानें घालावें, वरून फोडणीचें तेल सढळ हातानें वाढावें. तो अंदाज त्यांच्याबरोबरच गेला. त्यांच्या पश्चात् जाऊबाईंनीं आणि मीं केलेले पहिले गोळे भातांत विरघळून गेले. भाताचें पाणी आटत आल्यावरच गोळे सोडावयाचे, ही गोष्ट वहींत कोठेंच नव्हती!

हातांतील ज्ञान अक्षरांत उतरविणें हें वाङ्मयाचें कार्य नव्हे काय?

विलायतेंत तें तसें मानलें गेलें आहे. आंद्रे सिमाँ या भोजनरसिक लेखकाच्या नांवानें खाद्यपेयविषयक ग्रंथांस १९७८ पासून पारितोषिक दिलें जातें. एलिझाबेथ डेव्हिड बाईंची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९५० सालीं, इंग्लंडांत अद्याप शिधावाटप चालू असतां, त्यांनीं भूमध्यसमुद्राकांठच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलें. त्यांतील कित्येक जिन्नस तेथें सहसा मिळतही नव्हते. तरी लोकांनीं तें आवडीनें वाचलें. पुढें १९८२ सालीं रॉयल सोसायटी ऑफ लिटरेचर या संस्थेनें त्यांस फेलो निवडून कवि-कादंबरीकारांच्या पंक्तीस बसविलें.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाहीं. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लासां’त अन्नपदार्थांचें सविस्तर वर्णन केलें, सतराव्या शतकांत रघुनाथपंडितांनीं ‘भोजनकुतूहल’ रचिलें. परंतु हे संस्कृत ग्रंथ. चुलीपुढें बसलेल्या बाईच्या हातीं ते कोठून पडणार? मराठींत लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं निघालें. त्याच्या नांवांतच एक हजार पाकक्रियांचें आश्वासन होतें. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली, आणि वाटी-चमच्याच्या मापानें नवख्या सुनांस धीर आला. माझ्या मतें ‘अंदाजानें’ या शब्दाची जागा वाटीनें घेणें ही मराठी गद्यांतील लहान क्रांति नव्हे. अर्थात् आम्हां वैदर्भीयांची एक तक्रार आहेच: पुण्यामुंबईच्या पुस्तकांत ‘कोथिंबीर’ असते, आमच्या घरीं तिलाच ‘सांबार’ म्हणतात, आणि नवख्या वाचकाची भलतीच फसगत होते.

दुर्गाबाई भागवतांस १९७१ सालीं साहित्य अकादेमीचें पारितोषिक मिळालें तें ‘पैस’ या ललितलेखसंग्रहाबद्दल. त्याच लेखणीनें ‘खमंग’ हें पाककृतींचें पुस्तकही लिहिलें. तीच नजर, तीच भाषा. मग एक पुस्तक वाङ्मयाच्या कपाटांत आणि दुसरें फडताळांत, हा भेद कोणी केला?

अशा ग्रंथांस पारितोषिक देतांना परीक्षकांनीं नुसतें वाचून निर्णय देऊं नये, एवढीच माझी सूचना. पुस्तक नवख्या मुलीच्या हातीं द्यावें आणि ताट मांडून बसावें. शैलीचा दोष वाचतांना एकवेळ झांकला जाईल, पण पाकाच्या तारेचा दोष कसा झांकणार?

आमच्या धाकट्या सूनबाईंनीं परवां ती वही उघडून समासांत पेन्सिलीनें लिहिलें: ‘भरडा दोन वाट्या, तिखट दोन चमचे, पाणी आटल्यावर गोळे.’ जाऊबाईंनीं तें वाचून दोनचे दीड केले.