घरगुती फिल्टर व त्याचें प्रमाणपत्र

मराठवाड्यांतील वडील पिढीनें नारू हा रोग डोळ्यांनीं पाहिलेला आहे. लोक ज्या बारवांत पायऱ्या उतरून पाणी भरीत, त्या पाण्यांतील एका बारीक जलकीटकाच्या पोटांतून हा रोग माणसांत शिरे. फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. या यशांत हातपंपांचा व बंदिस्त विहिरींचा वाटा होता, तसाच पाणी गाळण्याच्या साध्या फडक्याचाही होता. दाट विणीच्या फडक्यांत तो जलकीटक अडके व नारू टळे. परंतु त्याच फडक्यांतून हगवणीचे व विषमज्वराचे जंतू सुखानें पार होत, आणि पाण्यांत विरघळलेल्या क्षारांस तर त्याचा कांहींच अटकाव नसे. एकच गाळणें एका दोषावर रामबाण आणि दुसऱ्यावर निरुपयोगी, ही गोष्ट घरगुती फिल्टर विकत घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें मनांत ठेवण्यासारखी आहे.

कापसाचे किंवा मोसंबीचे पैसे हातीं आले कीं अंबड तालुक्यांत अलीकडे पुष्कळ घरीं फिल्टर येतो. त्यास आठ-दहा हजार रुपये व कधीं त्याहून अधिक पडतात. सौदा करतांना मात्र पेटीचा रंग, दिवे व विक्रेत्याचें बोलणें यांवरच भर असतो. पेटीवर छापलेलें प्रमाणपत्र कशाचें आहे हें क्वचितच कोणी विचारतो. तें कसें वाचावें याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आपलें पाणी कसें आहे ?— आपली जमीन काळ्या फत्तराची. या खडकांतून झिरपलेल्या पाण्यांत चुन्याचा व मॅग्नेशियमचा अंश बहुधा अधिक असतो. डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, भांड्यांच्या बुडास पांढरा थर बसतो; हा अनुभव गृहिणींस नवा नाहीं. जड पाणी त्रासदायक खरें, परंतु तेवढ्यावरून तें रोगकारक ठरत नाहीं. खरा धोका दोन गोष्टींचा. पहिला जंतूंचा. उकिरडा, गोठा किंवा शौचखड्डा विहिरीजवळ असला कीं पहिल्याच पावसांत घाण विहिरींत उतरते. दुसरा नायट्रेटचा. युरिया, शेणखत व सांडपाणी यांतील नत्र जमिनींत मुरून पाण्यांत जातो. त्यास रंग, वास वा चव नाहीं, आणि पाणी उकळल्यानें तो जात नाहीं; उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. वरच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांच्या आंतील बालकास असें पाणी दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ति घटून तें निळें पडूं शकतें. तालुक्याच्या दक्षिण अंगास गोदावरी आहे व पैठणच्या जलाशयाचा डावा कालवाही आपल्या भागांतून जातो. या वाहत्या पाण्याचे दोष विहिरीच्या दोषांहून निराळे. त्यांत गाळ व जंतू यांचीच धास्ती अधिक.

पिण्याच्या पाण्यासाठीं भारतीय मानक आय. एस. १०५०० हें २०१२ सालीं सुधारलें गेलें. त्याप्रमाणें एका लिटरमध्यें एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा उद्भव नसेल तर २,००० पर्यंत चालतात. जडपणा २०० पर्यंत इष्ट व ६०० पर्यंत चालण्याजोगा. नायट्रेट मात्र ४५ मिलिग्रॅमहून अधिक मुळींच चालत नाहीं. आणि शंभर मिलिलिटर पाण्यांत मलजन्य जंतू एकही सांपडतां कामा नये.

आधीं पाण्याची परीक्षा.— मातीची परीक्षा केल्यावांचून खताचा हिशेब बसत नाहीं, तसेंच पाण्याची परीक्षा केल्यावांचून फिल्टर निवडतां येत नाहीं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्हा प्रयोगशाळा जालन्यास आहे. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनपासून अशा प्रयोगशाळा अल्प शुल्कांत सामान्य लोकांचेंही पाणी तपासतात. रासायनिक परीक्षा वर्षांतून एकदां आणि जंतूंची दोनदां, म्हणजे पावसाळ्यापूर्वीं व नंतर, करावी. पंप दोन-तीन मिनिटें चालूं द्यावा व मग नमुना घ्यावा. रासायनिक परीक्षेसाठीं लिटरभराची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानें विसळून भरावी. जंतूंसाठीं मात्र प्रयोगशाळेनें दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. ती विसळूं नये, तोंडास बोट लावूं नये, आणि बर्फांत ठेवून त्याच दिवशीं पोंचती करावी. घरच्या रिकाम्या बाटलींतून नेलेल्या नमुन्याची जंतुपरीक्षा म्हणजे त्या बाटलीचीच परीक्षा होय.

कोणता फिल्टर काय करतो ?— मातीच्या कँडलचा फिल्टर गाळ व कांहीं जंतू अडवितो, विरघळलेले क्षार अडवीत नाहीं. कोळशाचा फिल्टर वास, क्लोरीन व कांहीं सेंद्रिय द्रव्यें शोषून घेतो. नायट्रेट शोषीत नाहीं. अतिनील किरणांचा दिवा जंतू मारतो, परंतु पाणी आधीं स्वच्छ असावें लागतें. गढूळ पाण्यांत किरण पोंचत नाहींत, आणि वीज गेली कीं दिवा बंद. आरओचा पडदा क्षार, फ्लोराइड व बराचसा नायट्रेटही काढतो. पण त्यासाठीं पाणी वाया घालवितो. पुष्कळ घरगुती यंत्रें एक लिटर शुद्ध पाण्यामागें दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. घरास दररोज वीस लिटर पाणी लागत असेल, तर वर्षाला सुमारें पंधरा ते बावीस हजार लिटर पाणी वाया गेलें; दहा हजार लिटरचा एक टँकर धरल्यास हे दीड-दोन टँकर होतात. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या गांवांस ही उधळपट्टी कशी परवडणार ? ज्या पाण्यांत क्षार बेताचे आहेत व दोष केवळ जंतूंचा आहे, त्यास आरओ लावणें म्हणजे गवत कापण्यास कुऱ्हाड घेणें होय. राष्ट्रीय हरित लवादानें मे २०१९ मध्यें, ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षारांच्या पाण्यास आरओ लावण्यावर बंदी आणावी असा आदेश सरकारास दिला होता. तो वाद पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेला. वादाचा निकाल कांहींही होवो, त्यामागील तत्त्व शेतकऱ्यास पटण्यासारखें आहे.

प्रयोगशाळेंत फिल्टरची परीक्षा कशी होते ?— फिल्टरची परीक्षा साध्या नळाच्या पाण्यावर केल्यास ती परीक्षाच नव्हे. प्रयोगशाळेंत ज्या दोषाची परीक्षा करावयाची तो दोष पाण्यांत मोजून मुद्दाम मिसळतात. तें पाणी फिल्टरमधून सोडून आंत जातांना व बाहेर येतांना दोन्ही ठिकाणीं मोजतात. हें एकदांच करून भागत नाहीं. नवा फिल्टर कोणताही चांगलाच चालतो. म्हणून जितक्या लिटरची क्षमता जाहीर केली असेल तितकें पाणी त्यांतून गेल्यावरही तो टिकतो कीं नाहीं हें पाहतात. अमेरिकेंतील एन. एस. एफ. ५३ या मानकांत, ज्या फिल्टरास ‘आतां बदला’ अशी सूचना देणारी खूण नाहीं, त्याची परीक्षा जाहीर क्षमतेच्या दुप्पट पाण्यापर्यंत करतात; तशी खूण असल्यास १२० टक्क्यांपर्यंत. शिवाय फिल्टरच्या नळ्यांतून व प्लॅस्टिकांतून कांहीं अपायकारक द्रव्य पाण्यांत उतरतें काय, आणि दाबाखालीं पेटी फुटते काय, हेंही पाहतात.

या लिटरांच्या हिशेबाचें एक चांगलें उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रांत भाताच्या तुसाच्या राखेचा फिल्टर तयार झाला. त्याच पायावर चांदीच्या सूक्ष्म कणांची जोड देऊन केलेला ‘टाटा स्वच्छ’ हा विजेवांचून चालणारा फिल्टर डिसेंबर २००९ मध्यें बाजारांत आला. त्याचें शोधक नळकांडें ३,००० लिटरपर्यंत काम देई व मग पाणी सोडणें आपोआप बंद करी. दररोज दहा लिटर पाणी धरल्यास तें ३०० दिवस पुरे. संपलेलें नळकांडें पाणी देत राहिलें तर घरचे लोक निर्धास्तपणें दूषित पाणी पीत राहतात. म्हणून आपोआप बंद पडणें हा येथें दोष नसून गुणच होय.

टक्क्यांचाही हिशेब नीट समजून घ्यावा. ‘९९ टक्के जंतू नष्ट’ हें वाचून समाधान वाटतें. परंतु पाण्यांत एक लाख जंतू असतील तर ९९ टक्के गेल्यावर एक हजार उरतात, ९९.९९ टक्के गेल्यावर दहा. दशांश चिन्हापुढील प्रत्येक नवाचें मोल दसपट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं घरगुती शुद्धीकरण-साधनांच्या परीक्षेची एक योजना सुरू केली. तींत तीन तारे मिळविण्यासाठीं जिवाणूंत ९९.९९ टक्के, विषाणूंत ९९.९९९ टक्के व आदिजीवांत ९९.९९ टक्के घट दाखवावी लागते. तिन्ही वर्गांचा येथें निरनिराळा हिशेब आहे; नुसतें ‘जंतू’ म्हणून भागत नाहीं.

प्रमाणपत्र कसें वाचावें ?— जालना हें बियाण्यांचें शहर. निळ्या टॅगचें प्रमाणित बियाणें आणि केवळ कंपनीच्या शब्दावरचें सत्यप्रत बियाणें यांतील भेद आपल्या वाचकांस सांगावयास नको. टॅगवर जात, उगवणशक्ति व मुदत पाहिल्यावांचून पिशवी कोणी फोडीत नाहीं. फिल्टरच्या बाबतींतही हाच भेद आहे. विक्रेत्यानें स्वतः निवडलेला एक नमुना प्रयोगशाळेंत नेऊन मिळविलेला अहवाल ही ‘परीक्षा’ होय. तो त्या एका नगापुरताच खरा. प्रमाणन-संस्थेनें कारखाना पाहून, कारखान्यांतून व बाजारांतून नमुने उचलून, वेळोवेळीं तपासून दिलेला परवाना हें ‘प्रमाणपत्र’ होय.

भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. आय. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो व खालीं ‘सीएम/एल’ या अक्षरांनंतर परवान्याचा क्रमांक असतो. आरओ यंत्रासाठीं आय. एस. १६२४० व अतिनील किरणांच्या यंत्रासाठीं आय. एस. १४७२४ हें मानक आहे. नुसतें चिन्ह पाहून थांबूं नये. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर परवान्याचा क्रमांक घातला कीं परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा व चालू आहे कीं नाहीं हें तत्काळ समजतें. मुलगा किंवा नातू हें काम दुकानांत उभ्या उभ्या करूं शकतो.

कांहीं कागद खरे असूनही दिशाभूल करतात. आय. एस. ओ. ९००१ हें कारखान्याच्या व्यवस्थापनाचें प्रमाणपत्र आहे, पाण्याच्या शुद्धतेचें नव्हे. ‘एन. ए. बी. एल.’ ही मान्यता प्रयोगशाळेस मिळते, यंत्रास नव्हे. आणि तीसुद्धां ठराविक परीक्षांपुरतीच असते. ‘प्रमाणित पडदा’ असें लिहिलें असेल तर आंतील एक भाग प्रमाणित, सबंध यंत्र नव्हे. चव व वास सुधारण्यापुरतें असलेलें एन. एस. एफ. ४२ हें प्रमाणपत्र रोग टाळण्याचें समजूं नये.

दोन जादूचे खेळ.— विक्रेते घरीं येऊन पाण्यांत ‘टीडीएस’ची पेनासारखी नळी बुडवितात व आंकडा दाखवून घाबरवितात. ती नळी पाण्याची वीज वाहण्याची शक्ति मोजून त्यावरून क्षारांचा अंदाज देते. तो क्षार चुन्याचा कीं नायट्रेटचा हें तिला कळत नाहीं, आणि जंतू तर तिला मुळींच दिसत नाहींत. आंकडा अगदीं कमी असलेलें पाणीही जंतूंनीं भरलेलें असूं शकतें. दुसरा खेळ विजेच्या दांड्यांचा. दोन पेल्यांत दांड्या बुडवून वीज सोडतात; विहिरीचें पाणी तांबूस-हिरवें होतें, आरओचें स्वच्छ राहतें. तो रंग पाण्यांतील घाणीचा नसून झिजलेल्या लोखंडी दांडीचा आहे. क्षाराच्या पाण्यांतून वीज वाहते म्हणून दांडी झिजते. आरओच्या पाण्यांतून ती फारशी वाहत नाहीं, एवढेंच. त्याच आरओच्या पाण्यांत चिमूटभर मीठ टाकून पुन्हां वीज सोडावयास सांगावें, तेंही रंगेल.

घेतल्यावर.— प्रमाणपत्र खरें असलें तरी तें ठरलेल्या लिटरांपुरतें आहे. नळकांडें बसविल्याची तारीख पेटीवर लिहून ठेवावी व ठराविक वेळीं तें बदलावें. बदलण्याचा वार्षिक खर्च सौद्याच्या वेळींच विचारून घ्यावा; पेटी स्वस्त व नळकांडीं महाग असा सौदा पुष्कळदां होतो. पाण्याची परीक्षा करतांना फिल्टरच्या पूर्वींचा व नंतरचा असे दोन नमुने द्यावे. यंत्र आपल्या पाण्यावर काय काम करतें हें त्यावरूनच कळतें. ज्याच्या विहिरींत केवळ जंतूंचा दोष आहे, त्यानें विहीर ब्लीचिंग पावडरनें शुद्ध करणें, पिण्याच्या पाण्यांत मेडिक्लोरसारखें क्लोरीनचें द्रावण वेष्टणावरील प्रमाणांत घालणें, किंवा तें उकळणें, हे उपाय अद्याप खात्रीचे व सर्वांत स्वस्त आहेत. उकिरडा विहिरीपासून दूर हलविणें हा तर बिनपैशाचा फिल्टर होय.

आमची सूचना अशी कीं, एका वस्तीवरील सभासदांनीं एकत्र येऊन येत्या पावसाळ्यापूर्वीं आपापल्या विहिरींचे नमुने एकाच दिवशीं जालन्यास पाठवावे. भाडें वांटलें जाईल, आणि कोणत्या विहिरीस काय हवें याचा नकाशाच हातीं येईल. दहा विहिरींपैकीं कांहींस फिल्टर नकोच असेल, कांहींस साधा पुरेल, व ज्यांस आरओ हवाच त्यांस तो कां हवा हें ठाऊक होईल. यंत्राचें प्रमाणपत्र यंत्राविषयीं बोलतें. आपल्या विहिरीविषयीं तें कांहींच सांगत नाहीं. तो दाखला आपला आपणच मिळविला पाहिजे, आणि तो हातीं असल्यावांचून फिल्टरसाठीं एक रुपयाही मोजूं नये.